दामनमार्गे काठमांडू

काठमांडूला जायचे तर विमानाने जावे, असा सल्ला आम्हाला पुण्यात ज्याने त्याने दिला. तो चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. परंतु ज्यांच्यासाठी हा प्रवास काढला होता, त्या माझ्या मामंजींची एकच अट होती. "रस्त्यानं जाणार असाल तर येतो," ते म्हणाले, "नाहीतर तुम्ही जाऊन या. मी घर सांभाळतो."

मामंजी तेव्हा शहात्तर वर्षांचे होते. बोलणे मोजके, हट्ट तर त्यांनी कधी केल्याचे मला आठवत नाही. म्हणून ही अट ऐकून आम्ही सारेच चमकलो. मग हळूहळू उलगडा झाला. रस्त्याने म्हणजे कोणत्याही रस्त्याने नव्हे, तर त्रिभुवन राजपथाने. भारताच्या सरहद्दीपासून काठमांडूच्या खोऱ्यापर्यंत पोहोचणारा हा पहिला मोटाररस्ता. आपल्या लष्करातील इंजिनिअरांनी तो १९५३ ते १९५६ या काळात डोंगर फोडून बांधला, आणि त्या कामावर मामंजींचे वडील, म्हणजे आमच्या घरातले नाना, ओव्हरसीअर होते. तिथून ते मुलाला पत्रे लिहीत. एका पत्रात त्यांनी लिहिले होते की इथे दामन नावाची जागा आहे, तिथून हिमालयाची सबंध रांग दिसते. तू मोठा झालास की तुला दाखवीन. खाली पेन्सिलीने त्या रांगेची एक रेघ काढली होती. नाना १९६० मध्ये गेले. पुढच्याच वर्षी, १२ जुलै १९६१ रोजी, पानशेतचे पाणी पुण्यात शिरले. त्यात नदीकाठचे आमचे जुने घर गेले आणि पत्रांची पेटीही गेली. नानांच्या हातचे एक अक्षरही आज आमच्या घरात नाही.

हे सारे मला लग्नानंतर वीस वर्षांनी प्रथमच कळले, आणि तेही ह्यांच्याकडून.

माझे दीर नोकरीनिमित्त पाटण्याला असतात. तेव्हा पुण्याहून पाटण्यापर्यंत आगगाडी आणि पुढे भाऊजींची मोटार असा बेत ठरला. साल २०२४, दिवाळीची सुट्टी. मोटारीत भाऊजी, हे, मामंजी, तेरा वर्षांची आमची कन्या आणि मी. जाऊबाईंनी "घाटात मला मोटार लागते" असे सांगून अंग काढून घेतले. पुढे हेटौड्यानंतर त्यांच्या शहाणपणाची मला वारंवार आठवण झाली.

मुंबईहून थेट रक्सौलला जाणारी आगगाडीही आहे. स्वतःची मोटार नसेल तर तिने रक्सौलला उतरावे, सरहद्द ओलांडावी आणि वीरगंजला जीप ठरवावी. पाटणा ते रक्सौल अंतर दोनशे किलोमीटरांच्या आसपास, पण वाटेत मुजफ्फरपूर आणि मोतिहारी ही दोन गावे ओलांडायची असतात. त्यामुळे हिशेब किलोमीटरांचा न करता तासांचा करावा. मोतिहारी म्हणजे चंपारण्य. १९१७ मध्ये गांधीजींनी निळीच्या शेतकऱ्यांसाठी सत्याग्रह केला तो इथलाच. आणि इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेल १९०३ मध्ये जन्मला तोही याच गावी. दोन्ही ठिकाणे पाहावी असे माझ्या फार मनात होते. "परतताना," असे भाऊजी म्हणाले. परतताना पाहू म्हणून सोडलेली ठिकाणे पुन्हा कधी पाहून होत नाहीत, हा सर्व प्रवाशांचा अनुभव आहे. आमचाही तोच.

रक्सौल हे गाव सुंदर नाही. धूळ, टांगे, मालमोटारींच्या रांगा आणि मधून वाट काढणाऱ्या सायकली. मोठ्या मालवाहतुकीसाठी बाहेरून वेगळे नाके झाले आहे. आमच्यासारखे लोक मात्र अजूनही गावातून मैत्री पुलावरून जातात. पुलापलीकडे वीरगंज, आणि पुढे शंकराचार्यांच्या नावाची मोठी कमान. पाचच मिनिटांत माणूस परदेशात पोहोचतो. दुकानावरच्या पाट्या देवनागरीत, भाषा भोजपुरी, चहाही तसाच. फक्त 'पोलीस' जाऊन 'प्रहरी' आले, आणि ते पाहून मराठीच्या मास्तरणीला बरे वाटले.

इथे थोडे कागदपत्रांविषयी सांगते, कारण पुष्कळांची गाडी इथेच अडते. आपल्याला नेपाळात जायला व्हिसा लागत नाही. पण पंधरा ते पासष्ट या वयातल्या माणसाजवळ पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र असावे. त्याहून लहान आणि त्याहून वडील माणसांना छायाचित्र असलेले दुसरे सरकारी ओळखपत्र चालते. मधल्या वयाच्या लोकांनी नुसत्या आधार कार्डावर भिस्त ठेवून निघू नये. मोटारीसाठी नोंदणीपुस्तक, विमा आणि चालकाचा परवाना अस्सल हवा, नुसते झेरॉक्स नव्हे. मोटार दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्याचे संमतिपत्र घ्यावे. मग 'भन्सार' भरायचा. भन्सार म्हणजे जकात. मोटार जितके दिवस नेपाळात राहील तितक्या दिवसांचे पैसे आधी भरून पावती घ्यायची, आणि शिवाय रस्त्यावर चालवण्याचा परवाना. पावतीवरचे दिवस उलटले तर दंड. कागद करून देणारे मध्यस्थ मोटारीभोवती लगेच गोळा होतात. त्यांतल्या एकाने आमच्याकडून दुप्पट पैसे उकळले आणि वर परवान्याची प्रत खिशात घालून नाहीसा झाला. खिडकीशी आपण स्वतः उभे राहिलो तर तासभर जातो, पण काम होते.

खिडकीतल्या गृहस्थांनी भाऊजींना विचारले, "कितने दिन?" बुधवार ते रविवार, पाच दिवस. "एक दिन ज़्यादा ले लीजिए, पहाड़ का रास्ता है," ते म्हणाले. भाऊजी हिशेबी. त्यांनी हसून नाही म्हटले. वाचकहो, ही एक गोष्ट लक्षात ठेवा: एक दिवस जास्त घ्या.

तिथेच आमच्या फराळाच्या डब्यांची तपासणी झाली. चार डबे पाहून शिपायाला संशय आला असावा. झाकण उघडून त्याने चकली हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि "यह मशीन का पुर्ज़ा है क्या?" असे गंभीरपणे विचारले. कन्येने त्याला खाऊन दाखवली. मग त्यानेही खाल्ली. आमची मोटार सुटली.

नोटांचे असे आहे, की शंभरापर्यंतच्या भारतीय नोटा कुठेही घेतात. मोठ्या नोटांबद्दलचे नियम २०१६ च्या नोटाबंदीनंतर बदलत आले आहेत, तेव्हा निघण्यापूर्वी बँकेत विचारावे आणि जवळ शंभराच्या नोटांची चळत बाळगावी. आपल्या एका रुपयाचे नेपाळी एक रुपया साठ पैसे, हा भाव १९९३ पासून तसाच आहे. शहरातल्या काही दुकानांत २०२४ पासून आपल्या मोबाईलवरून पैसे चुकते करता येतात. डोंगरात मात्र रोख रक्कमच कामी येते. अंधार पडल्यावर घाटात मोटार घालू नये. आणि गृहस्थांसाठी आणखी एक: बिहारात २०१६ पासून दारूबंदी आहे, तेव्हा परतताना कोणासाठी बाटली आणण्याच्या फंदात पडू नये. आमच्या हयांना एका स्नेह्याने तशी गळ घातली होती, म्हणून लिहिले.

सरहद्द ओलांडताच भाऊजींनी मोटारीतले घड्याळ पंधरा मिनिटे पुढे केले. नेपाळची वेळ आपल्यापेक्षा पाव तास पुढे असते. ह्यांनी आणि मी मनगटावरची घड्याळे लावली, कन्येच्या फोनने आपली वेळ आपणच बदलली. मामंजींनी आपल्या घड्याळाला हात लावला नाही. "नानांच्या वेळेला इथं आपलीच वेळ होती," ते म्हणाले. ते खरे आहे. ही पंधरा मिनिटे नेपाळने १९८६ मध्ये वाढवली.

वीरगंजपासून हेटौडा साठेक किलोमीटर. आधी सपाट तराई, मग परसाच्या राष्ट्रीय उद्यानाचे सालवृक्षांचे दाट रान, मग अमलेखगंज. मोतिहारीहून इथपर्यंत जमिनीखालून तेलाचा नळ आला आहे, एकोणसत्तर किलोमीटर लांबीचा. २०१९ मध्ये तो सुरू झाला. त्याच्या फार आधी, १९२७ मध्ये, रक्सौलहून अमलेखगंजला छोटी आगगाडी आली होती. त्या काळी काठमांडूला जाणारा माणूस अमलेखगंजला उतरून मोटारीने भीमफेदीला जाई आणि तिथून चिसापानीगढी व चंद्रागिरी हे दोन चढ पायी किंवा डोलीत ओलांडून खोऱ्यात उतरे. राण्यांना, म्हणजे नेपाळच्या त्या काळच्या राणा घराण्यातल्या सत्ताधीशांना, मोटारींचा शौक होता, आणि खोऱ्यात रस्तेही होते. नव्हता तो खोऱ्यात पोहोचण्याचा रस्ता. तेव्हा मोटारी बांबूंवर लादून कित्येक डझन हमालांच्या खांद्यावरून डोंगरापलीकडे नेत. राण्यांची सत्ता १९५१ मध्ये गेली, राजे त्रिभुवन पुन्हा खऱ्या अर्थाने गादीवर आले, आणि दोन वर्षांनी या रस्त्याला हात लागला. रस्त्याला त्यांचे नाव मिळाले, पण तो पुरा झालेला पाहायला ते राहिले नाहीत. १९५५ मध्ये त्यांचे निधन झाले.

तराईतून जाताना आणखी एक नाव मराठी माणसाच्या मनात येतेच. १८५९ मध्ये नानासाहेब पेशवे याच तराईच्या रानात शिरले आणि त्यानंतर त्यांचे काय झाले, ते इतिहासाला नक्की सांगता आलेले नाही. तराईचा ताप त्या काळी कोणालाच सोडत नसे. लखनौच्या बेगम हजरत महल मात्र काठमांडूपर्यंत पोहोचल्या. १८७९ मध्ये त्या तिथेच वारल्या. त्यांची कबर आजही शहरात आहे.

हेटौड्याला आम्ही मुक्काम केला. दुसरा दिवस नरकचतुर्दशीचा. पहाटे चारला उठून मी सर्वांना उटणे लावले आणि हॉटेलातल्या पोऱ्याकडून चार वेळा कढत पाणी मागवले. त्याला आमच्या डोक्याविषयी शंका आली असावी. बाहेर पाहतो तो काय, रस्त्यातल्या प्रत्येक कुत्र्याच्या गळ्यात झेंडूची माळ आणि कपाळाला टिळा! नेपाळची दिवाळी म्हणजे तिहार. पहिला दिवस कावळ्याचा, दुसरा कुत्र्याचा, मग गाय. एका गलेलठ्ठ कुत्र्याने माळ घातल्याने आपला काहीतरी अधिकार वाढला आहे अशा थाटात आमची मोटार अडवून धरली. कन्येने फोनवर त्याची पन्नास तरी छायाचित्रे काढली असतील.

हेटौड्याला वाटा फुटतात, आणि खरा निर्णय इथे करायचा असतो. पश्चिमेला नारायणगढ आणि मुग्लिनवरून मोठा वळसा आहे. बसगाड्या आणि मालमोटारी तिकडून जातात. मधून कुलेखानी आणि फर्पिंगवरून जवळची, पण चढाची वाट आहे. तिथे जीपगाड्या धावतात. आणि तिसरा राजपथ. तो दामनवरून जातो, वळणे अगणित, आणि आता फारसे कोणी त्याच्या वाटेला जात नाही. हॉटेलवाल्यापासून पेट्रोल भरणाऱ्यापर्यंत सर्वांनी आम्हाला तिकडून जाऊ नका असेच सांगितले. त्याच वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस काठमांडूच्या परिसरात भयंकर पाऊस झाला होता, दरडी कोसळल्या होत्या, माणसे गेली होती. भाऊजींनी चौकशी केली. रस्ता मोकळा असल्याचे कळले. त्यांनी मामंजींकडे पाहिले. मामंजी आधीच पुढच्या बाजूला जाऊन बसले होते.

भैंसे सोडल्यावर चढ लागतो. हेटौडा पाचशे मीटरांच्याही खालीच आहे, आणि सिमभंज्याङची खिंड २,४८८ मीटरांवर. मध्ये पन्नासेक किलोमीटर. आपला खंडाळ्याचा घाट एकावर एक तीनदा ठेवला तर काय होईल, तशी कल्पना करावी. मला तिसऱ्या वळणालाच कसेसे होऊ लागले. आवळासुपारी, लिंबू, आल्याची वडी यांपैकी काय घ्यावे असे मला विचाराल तर सांगेन की तिन्ही घ्यावीत आणि सकाळी पोटभर फराळ करू नये. मी नेमका तोच केला होता.

मामंजी मात्र काच खाली करून बसले होते. दरडीला घातलेली दगडी भिंत दिसली की ते मान वळवून मागेपर्यंत पाहत. एका ठिकाणी त्यांनी मोटार थांबवायला सांगितली. उतरले, त्या भिंतीपाशी गेले आणि दगडांवरून हात फिरवून परत आले. "जुनी आहे," एवढेच म्हणाले. ती सत्तर वर्षांपूर्वीची होती की मागच्या पावसाळ्यानंतरची, हे आमच्यापैकी कोणाला सांगता आले असते? कोणी विचारलेही नाही.

खिंडीपर्यंत पोहोचलो तो धुके. पुढे थोडे उतारावर दामन, २,३२२ मीटरांवर. इथून पश्चिमेला धवलगिरीपासून पूर्वेला सगरमाथ्यापर्यंत, म्हणजे एव्हरेस्टपर्यंत, रांग दिसते असे सांगतात. आम्हाला रस्त्यापलीकडचे झाडही दिसत नव्हते. एका लहानशा घरगुती खानावळीत खोल्या मिळाल्या. मालकीणबाई पन्नाशीच्या, हिंदी चांगले बोलणाऱ्या. मी दिरांना "भाऊजी" म्हणून हाक मारली तशी त्या तोंडाला पदर लावून हसू लागल्या. नेपाळीत 'भाउजू' म्हणजे वहिनी! मिशा असलेली ही वहिनी त्यांना पुढे दोन दिवस पुरली. आमच्या 'वाटे'चा तिथे 'बाटो' होतो. भात, तरकारी आणि मुळा मात्र जवळजवळ तसेच राहतात. जेवणही तेच: डाळ, भात, मोहरीचा पाला, बटाटा, आणि आंबवून वाळवलेल्या पाल्याचे आंबटसर गुंद्रुक. भात पुन्हा पुन्हा वाढतात, त्याचे वेगळे पैसे नाहीत. थंडी म्हणाल तर नोव्हेंबर लागायच्या आतच दात वाजत होते. लोकरीचे कपडे पेटीच्या तळाशी न ठेवता वर ठेवावेत.

दुसऱ्या दिवशी, लक्ष्मीपूजनाच्या पहाटे, पाचला आम्ही सारे बाहेर येऊन उभे राहिलो. समोर पांढरी भिंत. सहा वाजले, सात वाजले. नऊला थोडे उजाडल्यासारखे झाले आणि पुन्हा मिटले. ठरल्याप्रमाणे त्या दिवशी आम्ही काठमांडूला पोहोचायचे होते. दोन रात्री तिथे, पशुपतीचे दर्शन, आणि मला स्वतःला काष्ठमंडप पाहायचा होता. ज्या लाकडी मंडपावरून शहराला नाव मिळाले तो २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात कोसळला होता आणि आता जुन्या पद्धतीनेच पुन्हा उभा केला आहे. भाऊजींना भन्साराच्या पावतीची काळजी. दहाला त्यांनी पेट्या मोटारीत ठेवल्या.

मामंजी खुर्ची टाकून धुक्याकडे तोंड करून बसले होते. त्यांना उठवायला कोणी धजेना. शेवटी मी गेले. म्हटले, "मामंजी, आज लक्ष्मीपूजनाला पशुपतीचं दर्शन होईल. परतताना आपण इथूनच येऊ की. तेव्हा नक्की दिसेल."

परतीचा रस्ता दुसरा ठरला होता. हे मला ठाऊक होते. "बरं," ते म्हणाले, उठले, आणि मोटारीत जाऊन बसले. टोपी नीट केली, खिडकीची काच वर घेतली.

भाऊजींनी किल्ली फिरवली. तेवढ्यात मागून कन्या म्हणाली, "पण परत येताना आपण कुलेखानीवरून येणार ना? काकांनी कालच सांगितलं."

मोटारीत कोणी बोलेना. मी खिडकीबाहेर पाहत राहिले. मामंजींनी मागे वळून पाहिले नाही, याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे. भाऊजींनी इंजिन बंद केले, उतरले, आणि मागचे दार उघडून पेट्या पुन्हा काढू लागले. "पशुपती काही कुठं जात नाही," हे म्हणाले. "एक रात्र कमी राहू तिथं."

त्या संध्याकाळी दामनला आम्ही लक्ष्मीपूजन केले. मालकीणबाईंच्या अंगणातून दारापर्यंत शेण-मातीने सारवलेला पट्टा, त्यावर तांदळाच्या पिठाने काढलेली पावले आणि दोन्ही बाजूंनी पणत्या. लक्ष्मीला घरात यायला वाट दाखवायची म्हणून. मी शेजारी पुणेरी रांगोळी काढली. त्यांनी आम्हाला सेलरोटी दिली. तांदळाच्या पिठाची, तुपात तळलेली गोल कडी, चवीला आपल्या अनारशाच्या कुळातली. आम्ही त्यांना चकल्या आणि करंज्या दिल्या. करंजी त्यांना आवडली. चकलीबद्दल त्यांनी सभ्यपणे काही मत दिले नाही. रात्री गावातली मुलामुलींची टोळी गाणी म्हणत दारोदार फिरली. मामंजींनी त्यांच्या सुपात शंभराची नोट टाकली आणि मालकीणबाईंना म्हणाले, "मेरे पिताजी ने यह सड़क बनाई।" त्यांनी हात जोडले. "बा, उसी सड़क से तो हम खाते हैं," त्या म्हणाल्या. मला वाटते, नानांविषयी मामंजी परक्या माणसाशी आयुष्यात प्रथमच बोलले असतील.

पाडव्याच्या पहाटे त्यांनीच दार वाजवले. म्हणजे मालकीणबाईंनी. "उठिए, उठिए!"

धुके खाली उतरले होते. पालुंगचे खोरे दुधाने भरल्यासारखे, आणि त्याच्या पलीकडे, आपण जिथे आभाळ शोधतो त्याच्याही वर, ती रांग. आधी राखी, मग गुलाबी, मग पांढरी. मालकीणबाई बोट दाखवून नावे सांगत होत्या: मनास्लू, गणेश, लांगटांग. पूर्वेकडचा एक ठिपका सगरमाथा असल्याचे त्यांनी सांगितले आणि आम्ही तो पाहिल्याचे मान्य केले. ह्यांनी आणि कन्येने फोन सरसावले. मामंजींनी कन्येजवळ वही आणि पेन्सिल मागितली. खांबाला टेकून, पश्चिमेपासून पूर्वेपर्यंत, त्यांनी पानभर एक रेघ काढली. मधे दोनदा थांबले. हात थोडा कापत होता, थंडीही होतीच.

"लहानपणी मला वाटायचं," ते म्हणाले, "नानांनी करवत काढली आहे."

अर्ध्या तासाने खालचे धुके वर चढू लागले आणि सारे पुन्हा झाकले गेले. मला काही बोलायचे होते. कसे सुरू करावे याची मी जुळवाजुळव करीत असतानाच मामंजी म्हणाले, "चकल्या राहिल्या आहेत का ग? की सगळ्या वाटल्यास?" मी डबाच पुढे केला.

दामनहून काठमांडू सुमारे ऐंशी किलोमीटर. पालुंगच्या खोऱ्यात उतरताना दोन्ही बाजूंना बटाटा, मुळा आणि फुलकोबीची शेते लागतात. नौबिसेला मोठा रस्ता मिळतो आणि तिथून पुढे वाहनांची दाटी सुरू होते. दुपारपर्यंत आम्ही शहरात होतो. शनिवार होता. नेपाळात आठवड्याची सुट्टी शनिवारी असते. बँकेचे वा कचेरीचे काम असेल तर हे ध्यानात ठेवावे. शिवाय त्या दिवशी नेवार लोकांचे नववर्ष, नेपाळ संवत ११४५ चा पहिला दिवस. आपला पाडवा तोच त्यांचा. घरोघर जमिनीवर प्रत्येक माणसासाठी एकेक मंडल काढून ते आपापल्या देहाची पूजा करतात. तिला म्ह पूजा म्हणतात. काष्ठमंडपासमोरच्या चौकात ढोल वाजवीत मिरवणूक चालली होती. मंडप मी पाहिला, पण गर्दीतून, टाचा उंचावून.

रविवारी भाऊबीज. पहाटे पशुपतीला गेलो. चामड्याचा पट्टा, पाकीट, कॅमेरा काही आत नेऊ देत नाहीत, तेव्हा ते खोलीवरच ठेवून जावे. पूजा सांगणारे मुख्य भट्ट परंपरेने कर्नाटकातले असतात, त्यामुळे मंत्रांचा सूर कानाला ओळखीचा वाटतो. मागे बागमतीच्या घाटावर चिता जळत होत्या. परत येताना गल्लीगल्लीतून बहिणी भावांना सात रंगांचा टिळा लावताना दिसल्या. आधी उंबऱ्यावर दगडाने अक्रोड फोडतात. आपण नरकचतुर्दशीला कारीट फोडतो तसा. मी दोन्ही भावांना हॉटेलच्या पायरीवर बसवले नाही, कारण एक माझा नवरा आणि दुसरा दीर. पण कन्येने काकांना ओवाळायचा हट्ट धरला आणि काकांनी तो पुरवला. नाते काय, हे कोणी विचारले नाही.

मग मात्र धावपळ. संध्याकाळपर्यंत वीरगंजचा नाका गाठायचा होता, नाहीतर दंड. फर्पिंग, कुलेखानी, हेटौडा ही वाट. कुलेखानीचा ११४ मीटर उंचीचा बंधारा आणि त्यामागचे इंद्रसरोवर यांकडे आम्ही चालत्या मोटारीतून पाहिले. चढ-उतार असे, की लहान मोटारीने तिकडे जाण्याआधी ब्रेक तपासून घ्यावेत. अमलेखगंजच्या रानात दिवस कलला. वीरगंजच्या खिडकीशी भाऊजी पावती घेऊन धावले तेव्हा आत तेच गृहस्थ होते. त्यांनी पावतीवरची तारीख पाहिली, भाऊजींकडे पाहिले आणि शिक्का मारला. "मैंने कहा था न," ते म्हणाले.

मैत्री पुलावरून अलीकडे आल्यावर ह्यांनी आणि मी घड्याळे पंधरा मिनिटे मागे घेतली. मामंजींना झोप लागली होती. कन्येची वही त्यांच्या मांडीवर होती. रक्सौलच्या खड्ड्यांतून मोटार जाऊ लागली तशी ती घसरू लागली, म्हणून मी ती हळूच काढून फराळाच्या रिकाम्या डब्यात ठेवली आणि झाकण लावले.